लोट्यातलं मीठ

संवत १८८१, जेठ ४

टॅनरसाहेबांनी मला कोरी वही दिली, कातड्यात बांधलेली. ते स्वतः रोज लिहितात म्हणे. काय खाल्लं, कोण भेटलं, मनात काय आलं. मी म्हटलं, "मनातलं सगळं कागदावर उतरवलं तर मनात काय राहायचं?" ते हसले. पण कंपनीचा कप्तान रोज लिहितो आणि कलोटीच्या राणाला लिहायचा कंटाळा, असं कुणी म्हणायला नको. म्हणून बसलो आहे.

राणी विमलदेई दारातून म्हणाली, "काय लिहिणार? उठलो, जेवलो, वजिरावर ओरडलो, झोपलो?"

"तुझ्याबद्दलही लिहीन."

"मग शाई पुरायची नाही."

बत्तीस वर्षं हे असंच चाललंय. लिहून ठेवतो की बायको तोंडाळ आहे, आणि ती समोर बसलेली नसली तर मला जेवण जात नाही. ही वही तिच्या हाती लागता कामा नये. उशीखाली ठेवीन.

आणखी एक. महिना झाला, खसखस भरून वाफवलेले सिड्डू पानात आले नाहीत. मागणार नाही. राणाने सिड्डू मागत फिरायचं का?

जेठ ५

आज आपणहून खसखशीचे सिड्डू आले, वर वाटीभर तूप. मी कुणापाशी बोललोही नव्हतो. आमच्या देवीची, झूणी माईची कृपा.

जेठ ११

टॅनरसाहेब बायको आणि मुलीला घेऊन छावणीतून आले. मुलगी पाच वर्षांची, नाव एमी. मैदानातल्या उन्हाने पोर पार वाळून गेलीय. खोकते तेव्हा हाडं मोजून घ्यावीत. साहेब म्हणाले, "राणाजी, झूणी धारेवर एक घर बांधू द्याल? तिथली हवा लागली तर जगेल."

झूणी धार म्हणजे आमचा सगळ्यात उंच डोंगर. वर झरा, गवताचं पठार, देवदार. हाड महिन्यात, म्हणजे आषाढात, माईची पालखी वर जाते, महिनाभर माई तिथे राहते, आणि सत्तावीस गावांची मेंढरं तिच्यामागे चरायला चढतात. धार माझी नव्हेच, माईची आहे. मी तिचा कारभारी.

पण त्या पोरीकडे बघवेना. आणि कंपनीने गोरख्यांना हाकलून मला ही गादी परत दिली, त्याला नऊ वर्षं झाली. त्याआधी सहा हिवाळे मी आणि विमलदेई देबकू मेंढपाळाच्या गोठ्यात लपून होतो. तिसऱ्या हिवाळ्यात आमची मुलगी तिथेच गेली, अशीच खोकून. ती चार वर्षांची होती. हे मी कधी बोलत नाही. वहीत लिहायला काय हरकत आहे?

जेठ १३

माईला विचारलं. माईचा भगत, आम्ही त्याला गूर म्हणतो, त्या मोतियाच्या अंगात माई आली. मोतियाने आणि मी लहानपणी एकत्र बोरं चोरलेली. अंगात आली की तो मला सगळ्यांदेखत झोडतो, आणि त्यातलं माई किती बोलते नि मोतिया किती, याचा मला संशय आहे. आजही आधी म्हणाला, "राणा, तू सुस्तावलास. गेल्या जत्रेला बकरा बारका आणलास." मग म्हणाला, "आजारी पोर दारात आलंय आणि तू मला विचारत बसलास? राहू दे. माझी वाट आणि माझी मेंढरं अडवू नका, म्हणजे झालं."

जेठ १५

आज लोटा झाला. माईच्या देवळात पितळी लोटा पाण्याने भरला. मी मोठ्याने म्हटलं, "धार तुम्हाला राहायला दिली, मुलगी बरी होईपर्यंत आणि पुढेही मन रमेल तोवर. माईची वाट आणि मेंढरांचं गवत मोकळं राहील." साहेबांनी टोपी काढली आणि हेच शब्द म्हटले. मग दोघांनी चिमूट चिमूट मीठ पाण्यात सोडलं. जो शब्द मोडेल तो आणि त्याचं घर या मिठासारखं विरघळेल. लोटा झाकून माईच्या पायाशी ठेवला. मीठ सोडण्याआधी साहेब चिमूट धरून थबकले होते. माणूस सच्चा आहे.

त्यानंतर त्यांच्या मुन्शीने एक कागद पुढे केला. फारसीत होता, लांबलचक. साहेब म्हणाले, "वरच्या लोकांसाठी आहे. त्यांचा मसुदा ठरलेला असतो." माझा वजीर नराणू मध्येच म्हणाला, "महाराज, वाचून घेऊ या."

मला राग आला. "अरे, आत्ता लोट्यात मीठ पडलं आणि तू कागद वाचायला सांगतोस? पाहुण्याच्या तोंडावर?" त्यात खाली पानं वाढलेली, सिड्डू थंड होत होते. मी सही केली.

घरी विमलदेईने विचारलं, "कागदात काय होतं?"

"लोट्यात होतं तेच."

"वाचलंत?"

"मीठ पडल्यावर वाचायचं काय राहिलं?"

ती न टोचता दिवा घेऊन आत गेली. ती गप्प बसली की मला जास्त त्रास होतो.

जेठ २८

धारेवर लाकडी घर उभं राहिलं. एमी खाली आमच्याकडे येते. विमलदेई तिला मैना म्हणते. आज दोघी अंगणात अक्रोड फोडत होत्या. पोरीने आमच्या बोलीत पहिलं वाक्य म्हटलं. मला बघून म्हणाली, "राणा, तू सुस्तावलास." हे तिला कुणी शिकवलं ते मला ठाऊक आहे. राणी तोंडाला पदर लावून बसली होती.

खोकला कमी आहे.

हाड १

माई वर गेली. वाटेवर टॅनरसाहेब टोपी काढून बाजूला उभे होते. झऱ्याची वाट त्यांनी स्वतः फावडं घेऊन साफ केलेली. मैनेने पालखीवर रानफुलं टाकली, अर्धी माझ्याच पागोट्यावर पडली. देबकूची मेंढरं साहेबांच्या कुंपणाला घासून गेली तरी कुणी हूं की चूं केलं नाही. मी नराणूला म्हटलं, "पाहिलंस? हा तुझा कागद." तो म्हणाला, "कागद अजून कुणी उघडलेला नाही, महाराज." मेल्याला चांगलं दिसतच नाही.

असूज ९

टॅनरसाहेबांची बदली झाली, खाली अंबाल्याकडे. मैना लालबुंद झालीय, गालावर मांस आलंय. विमलदेईने तिला लोकरीचा पट्टू विणून दिला आणि निरोप देताना अजिबात रडली नाही. आत जाऊन चूल फुंकत बसली. चुलीत विस्तव नव्हता.

साहेब घोड्यावर बसले, परत उतरले. म्हणाले, "राणाजी, तो कागद. एकदा कुणाकडून तरी वाचून घ्या."

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही आम्हाला परकं समजू नका."

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. बोलायचं होतं काहीतरी. जाताना माणसाला सुचत नाही.

फागण २०

हिवाळ्यात लिहिण्यासारखं काही घडलं नाही. बर्फ, संधिवात आणि राणी.

आता नवा साहेब आलाय, कार्व्हर. पंचविशीचा असेल. साखळी घेऊन धार मोजतोय. हद्दीचे दगड रोवून त्यांवर खुणा कोरल्यात. आणखी बारा घरं उठणार आहेत, आजारी गोऱ्या शिपायांसाठी. मी म्हटलं, "बांधा. पण माईची वाट या दोन दगडांमधून जाते."

तो अगदी अदबीने म्हणाला, "आता जाणार नाही, राणासाहेब. जमीन कंपनीची आहे."

मी त्याला लोट्याची गोष्ट सांगितली. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतली. हसू दाबत होता. वाईट मुलगा नाही, पण त्याला काय दाखवू? झाकलेला लोटा?

संवत १८८२, चैत ५

नराणूने कागदाची नक्कल आणवली आणि वाचली. झऱ्यापासून शिखरापर्यंत, गवत, लाकूड, पाणी, वाटा यांसकट, कायमची. माईचं नाव नाही. मेंढरांचं नाव नाही. मैनेचंही नाव नाही.

नराणू "मी सांगितलं होतं" असं म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

चैत ८

देबकू आला होता. सत्तर वर्षांचा म्हातारा, अंगणात उकिडवा बसला. "राणा, हाडात माझी मेंढरं कुठे न्यायची? खाली तर गवत जळतं."

या माणसाने गोरखे शोधत असताना आम्हाला गवताखाली लपवलं होतं. त्याच्यापुढे मी नुसतं पाणी ठेवलं. तोच म्हणाला, "बरं, बघू," आणि उठून गेला. तीन दिवस घास उतरलेला नाही. विमलदेई ताट घेऊन येते, घेऊन जाते. एक शब्द टोचून बोलत नाही. मला तिचं टोचणं हवंय.

बैसाख ९

लोकरीचा व्यापारी अंबाल्याहून आला. त्याने टॅनरसाहेबांना पाहिलं. मैना परत आजारी आहे, ताप उतरत नाही.

मी त्याला दोनदा विचारून घेतलं. लोक समजतात, मी धारेसाठी झुरतोय. झुरतोच आहे. पण गेला महिनाभर मला खरी भीती याचीच होती. शब्द मोडला गेला. साहेबांनी मोडला की कंपनीने, माईला काय त्याचं? मीठ साहेबांच्या हातून पडलंय. ते विरघळणार आणि त्यांच्या आधी ती पोर.

लोटा उलटा करता येतो. ज्याचा शब्द मोडला त्याने माईसमोर पाणी ओतून म्हणायचं, मी सोडलं. मग शाप उतरतो. पण मी सोडलं की धारही सोडली. उद्या कुणी विचारलं, राणा, तुझा हक्क? तर माझ्या हातात उलटा लोटा. देबकूला काय सांगू? सत्तावीस गावांना काय सांगू? माझ्या बापाने, आज्याने सांभाळलेली धार मी एका परक्या पोरीसाठी ओतून टाकली म्हणू?

आणि नाही ओतली, आणि पोर गेली तर? एक पोर गोठ्यात खोकून गेली तेव्हा माझ्या हातात काहीच नव्हतं. आता आहे.

टॅनर, तुम्ही मला फसवलंत का? मला नाही वाटत. तुम्ही निघताना सांगत होतात, मी ऐकलं नाही. तुम्ही वही दिलीत म्हणून हे तुम्हालाच सांगतो आहे, तुमच्यापर्यंत पोचायचं नसलं तरी. उद्या ओततो.

बैसाख १०

ओतला. देऊळ भरलं होतं. मी म्हटलं, "टॅनरला सोडलं, त्याच्या लेकीला सोडलं." देबकू खांबाला टेकून उभा होता. मोतियाच्या अंगात माई आली. मला वाटलं आता झोडणार. त्याने सांडलेल्या पाण्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "धार माझी होती राणा, तुझी नव्हती. पण पोरही माझीच."

हे मोतियाला सुचणारं नाही. हे माईच बोलली.

बाहेर आल्यावर देबकूने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझी लेक गेली त्या दिवशी मीच खड्डा खणला होता," एवढंच म्हणाला. मी रडलो. भर अंगणात, राणा असून.

बैसाख १३

नऊ तारखेचं पान वहीत नाही. उंदीर. फाडलंय मात्र अगदी सरळ. राणीला विचारलं तर म्हणाली, "उंदीर माजलेत खरं." लोकरीचा व्यापारी आज लगबगीने अंबाल्याला परत गेला. माल अर्धाही विकला नव्हता. या लोकांना धंदा कळत नाही.

जेठ २२

टॅनरसाहेब आले. मैनेला पुढ्यात घेऊन घोड्यावर. पोर काडी झालीय, पण ताप नाही. मला बघून म्हणाली, "राणा, सिड्डू." विमलदेईने तिला उचललं ते संध्याकाळपर्यंत खाली ठेवलं नाही.

मी म्हटलं, "साहेब, मी लोटा ओतला. तुम्ही मोकळे आहात."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

ते राणीकडे बघून म्हणाले, "असंच कळलं." साहेबलोकांना सगळं कळतं. आमच्या गोठ्याबद्दल, आमच्या मुलीबद्दलही त्यांना माहीत होतं. मी कधी बोललो नव्हतो.

मग म्हणाले, "राणाजी, तुम्ही मला सोडलंत. मी स्वतःला सोडलेलं नाही. कागदात काय आहे हे मला त्या दिवशी ठाऊक होतं. वाटलं होतं, मी आहे तोवर कोण उघडतंय तो." त्यांनी वरच्या मोठ्या साहेबांना स्वतःच्या हाताने लिहून दिलंय की तोंडी बोली काय झाली होती आणि आपण ती कागदात का घातली नाही. या लिहिण्याने त्यांची बढती गेली, असं नराणू म्हणतो.

मला रागवायचं होतं. अडीच महिने साठवलेला राग होता. पण मैना राणीच्या मांडीवर तोंडभर सिड्डू घेऊन बसली होती. मी एवढंच म्हटलं, "मला तेव्हाच सांगायचं होतंत. मी जमीन द्यायला नाही म्हटलं असतं, रुसलो असतो, पण पोरीला राहू दिलं असतं."

त्यांनी मान खाली घातली. मी त्यांना अक्रोड दिले. दुसरं काय करणार?

जेठ २३

हरवलेलं पान सापडलं. वहीतच होतं, मधल्या पानांत, मीच नीट पाहिलं नसेल. फक्त त्याला चार घड्या पडल्यात. उंदीर घड्याही घालतात का, कोण जाणे.

हाड १

कार्व्हरसाहेब नवा कागद घेऊन आले. धार कंपनीचीच राहणार. पण दरवर्षी हाड महिनाभर माईची वाट आणि मेंढरांचं गवत मोकळं, "पुढील हुकूम येईपर्यंत". माझी सही हवी होती.

मी नराणूला म्हटलं, "वाच."

"सगळा, महाराज?"

"सगळा. आणि हळू."

त्याने वाचला. मी म्हटलं, परत वाच. एकेका शब्दावर थांबवून विचारलं. झऱ्याचं नाव आहे का? माईचं? मेंढरं किती, ते लिहिलंय का, नसेल तर लिहा, मोजदाद न करता सगळी. "पुढील हुकूम" कुणाचा, तो आला तर आधी कुणाला कळवणार, तेही लिहा. कार्व्हरसाहेबांनी दोनदा घड्याळ काढलं. टॅनरसाहेब भिंतीला टेकून ऐकत होते. खाली पानं वाढलेली, सिड्डूंचं तूप गोठत होतं. विमलदेईने दारातून बघितलं आणि पानं झाकून ठेवली.

मग सही केली.

कार्व्हरसाहेबांनी कागद गुंडाळला. आज प्रथमच थोडे लाजल्यासारखे वाटले. म्हणाले, "राणासाहेब, तो लोटा नाही का आणायचा? माझी तयारी आहे."

पोरगा मनापासून बोलत होता. मीही मनापासून सांगितलं, "नको साहेब. मीठ माणसासाठी असतं. तुमचा शब्द कंपनीचा आहे. तिला ना लेक, ना घर. तिच्यात विरघळायला आहे काय? तिला कागद पुरे."

टॅनरसाहेबांनी तोंड फिरवलं.

दुपारी माई वर गेली. देबकूची मेंढरं त्या कोरलेल्या दगडांना अंग घाशीत चढली. मैनेला चालवेना, म्हणून मी तिला खांद्यावर घेतलं. विमलदेई मागून म्हणाली, "सांभाळून, राणाजी सुस्तावलेत."

परत आलो तेव्हा सिड्डू दगड झाले होते. आम्ही सगळ्यांनी तेच खाल्ले, कार्व्हरसाहेबांनीसुद्धा. नव्या कागदाची नक्कल मी उशीखाली ठेवली आहे. वही आता तिथे मावत नाही, म्हणून राणीच्या पेटीत ठेवायला दिली. ती म्हणाली, "माझ्याकडे सुरक्षित राहील." तिथे उंदीर येत नाहीत.